त्र्याण्णव नंबरची बाई

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. तीन वर्षांनी मी आमच्या जुन्या गटाच्या बैठकीला गेले होते. मुलगी बरोबर होतीच, तिला ठेवणार कुठे? ओळखीची फेरी सुरू झाली. प्रत्येकीने नाव सांगितलं, काय काम करते ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सध्या घरीच असते." एवढ्यावर थांबवेना, म्हणून घाईघाईने जोडलं, "म्हणजे शिवते, गोधड्या करते, यंदा हलव्याचे दागिनेही घरीच केले." समोर बसलेली एक जुनी मैत्रीण मनापासून हसली. म्हणाली, "छान! छंद तरी जपलास."

तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी तो शब्द घरी येईपर्यंत टोचत राहिला. त्याच्या आठवडाभर आधी मुलीचं बोरन्हाण झालं, तेव्हा शेजारच्या काकू जमलेल्या बायकांना सांगत होत्या, "एवढी शिकलेली, पण बघा, पै-पैसा वाचवते हो. हाताला वळण आहे." (बोरन्हाणाला आम्ही सगळ्याजणींना बोलावतो, नवरा असलेल्या-नसलेल्या. त्यावरून काय काय ऐकलं, तो वेगळ्या लेखाचा विषय.) काकूंना तो माझा गुण वाटला, मैत्रिणीला छंद वाटला. जे मी रात्री अकरा ते एक करत होते ते काम आहे, असं दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सांगता आलं नाही.

मी एम.एस.डब्ल्यू. झाले, नाशिकमध्ये एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात आठ वर्षं काम केलं. घरातल्या हिंसेच्या केसेस, पोटगीचे अर्ज, पोलीस ठाण्याच्या खेपा. मुलगी झाल्यावर रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. आमच्या संस्थेत आम्ही सतराजणी. कायदा आमच्या दारापर्यंत आला आणि मागे फिरला. संस्थेने "आम्ही तरी काय करणार" म्हटलं. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून ते ऐकताना काय वाटलं असेल, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मग घरी हिशेब मांडला. माझा पगार अठरा हजार. पाळणाघर सहा हजार, रिक्षा, डबा, आजारपणं. "हातात उरतं काय?" असा प्रश्न नवऱ्याने विचारला, आणि मीही मान हलवली. तो भला माणूस आहे. पण आज वाटतं, पाळणाघराचे पैसे माझ्याच पगारातून का वजा केले? मूल दोघांचं. त्याच्या पगारातून वजा केले असते तर "याने नोकरी करणं परवडतं का?" असा प्रश्न कुणी विचारला असता? मी इतक्या बायकांना हिशेब मांडायला शिकवलं, आणि माझ्याच घरात वजाबाकी चुकीच्या ओळीत मांडली गेली ते मला दिसलं नाही.

एक पगार गेल्यावर काटकसर आली. ती हौसेने आली नाही, हे आधी सांगते. बाळंतपणात सासूबाईंच्या जुन्या सुती पातळांची दुपटी आणि झबली केली, तिथून सुरुवात. मग ऋतूप्रमाणे एकेक काम अंगावर येत गेलं. उन्हाळ्यात वाळवणं आणि पावसाच्या आत गोधडी. श्रावणात राख्या. दिवाळीला कंदील, तो कामट्या बांधून, पतंगी कागद खळीने चिकटवून. आणि संक्रांतीला हलवा.

हलव्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हल्ली बहुतेक घरांत तो विकतच येतो आणि त्यामागे काय आहे ते विसरलं गेलंय. परातीत तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा. खाली अगदी मंद आच. साखरेचा पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचं. चमच्याने चालत नाही, बोटंच लागतात, आणि ती पोळतात. पहिल्या दिवशी नुसता पांढरा लेप चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, थंडी चांगली असली तर, काटा यायला लागतो. नाशिकच्या जानेवारीत तो छान येतो. आभाळ आलं, हवा दमट झाली, की केलेलं बसून जातं. दोन वर्षांचं मूल जागं असताना हे काम करता येत नाही. म्हणजे ते रात्रीच. मग दाणे दोऱ्यात बांधायचे, जुन्या काळ्या कापडावर टाचायचे, त्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बांगड्या.

काटा आलेला पहिल्यांदा दिसला तेव्हा मला फार आनंद झाला. तो मी लपवणार नाही. आपल्या चळवळीत हातकामाच्या आनंदाबद्दल बोलायला आपण जरा बिचकतो. वाटतं, आनंद होतो म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणेल, "बघा, बायकांना हेच आवडतं." पण शिक्षकाला शिकवण्यात आनंद होतो म्हणून त्याचा पगार कुणी कापत नाही.

बैठकीवरून आल्यावर मी एक वही केली. त्याआधीच्या संक्रांतीपासूनचं जेवढं खात्रीने आठवत होतं तेवढं लिहून काढलं. वस्तू, सामानाचा खर्च, बाजारात तशीच वस्तू केवढ्याला, आणि लागलेले तास. हलव्याच्या दागिन्यांना सामान १६० रुपयांचं. बाजारात तसाच संच साडेपाचशेला. वाचले ३९०. तास सव्वीस. म्हणजे तासाला पंधरा रुपये. वर्षभराचं सगळं मिळून ४१२ तास आणि वाचले ७,२६० रुपये. तासाला साडेसतरा. आणि यात स्वयंपाक, धुणंभांडी, मुलीचं करणं धरलेलंच नाही. नणंदेच्या रुखवतासाठी तेरा रात्री घातल्या, तेही नाही. त्याचा बाजारभाव विचारणं घरात शोभलं नसतं.

आकडे बघून पहिली प्रतिक्रिया अशी झाली की हे सगळं बंद करावं. दुसरी अशी की हे ७,२६० रुपये आहेत कुठे? घरात वाचले म्हणजे कुणाचे वाचले? त्या वर्षी गाडीचा हप्ता एकदाही चुकला नाही. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे.

आता सरकारच्या वहीकडे बघू. राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाला तो काय करतो त्याप्रमाणे एक क्रमांक मिळतो. फक्त घरकाम करणारी ती ९२. घरकाम करून शिवाय लाकूडफाटा, भाजीपाला, चारा फुकट गोळा करणारी, घरच्या वापरासाठी शिवणकाम-विणकाम करणारी ती ९३. म्हणजे गोधडी शिवणारी मी त्र्याण्णव नंबरची बाई. पाहणी करणाऱ्यांना माझी सुई दिसते, तिच्यासाठी वेगळा रकानाही आहे. पण ९२ काय, ९३ काय, दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेर. गंमत अशी की १९९३ साली सुधारलेल्या राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तू उत्पादनात धरल्या आहेत. जिनिव्हात २०१३ साली झालेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेनेही स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन आणि घरकाम दोन्हींना "काम" म्हटलं. रोजगार मात्र म्हटलं नाही.

वेळेचा हिशेबही आता आपल्याकडे आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती आणि पुरुष ९७. तोही जो करतो तो पुरुष. करणारेच मुळी २६ टक्के. २०२४ च्या पाहणीत ते आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ.

बाईच्या घरकामाचं मोल कोर्टात होतं, पण ते ती मेल्यावर. जमशेदपूरला १९८९ साली एका कारखान्याच्या समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात २००१ साली सुप्रीम कोर्टाने गृहिणीच्या सेवांची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०२१ च्या जानेवारीत एका अपघाताच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या याच पाहणीचा आधार घेऊन लिहिलं की घरकाम करणारीचं उत्पन्न धरायलाच हवं. चांगलंच झालं. पण नुकसानभरपाई ज्यांना मिळते त्यांत ती नसते.

इथे एक मैत्रीण मला अडवेल, आणि तिने अडवावं. म्हणेल, तुझ्याकडे पदवी आहे, नवऱ्याचा पगार आहे, तुझ्या रडगाण्यापेक्षा वस्तीतल्या बाईचं बघ. बघते. आमच्या मागच्या गल्लीत एकजण एका व्यापाऱ्यासाठी हेच दागिने बांधते. हलवा तो आणून देतो, ती ओवते आणि टाचते. एका संचाला सहा तास, हातात सत्तर रुपये. तासाला बारासुद्धा पडत नाहीत. दाणे फुटले तर पैसे कापतात. पाहणीवाला दारात आला तर तीही बहुधा "घरीच असते" म्हणूनच सांगेल, माझ्यासारखंच. एला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली "श्रमशक्ती" अहवालात अशा घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यांच्यासाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. तिचा दर इतका खाली का, याचं एक उत्तर माझ्या घरात आहे. मी तेच काम रात्री फुकट करते आणि शेजारी त्याला गुण म्हणतात, तोवर व्यापारी तिला जास्त का देईल?

म्हणून तिचा आणि माझा प्रश्न मला वेगळा वाटत नाही. आपल्या शिबिरांबद्दलही एक बोलायचं आहे. गेली कित्येक वर्षं आपण बायकांना पणत्या, कंदील, पिशव्या करायला शिकवतो आणि त्याला "घरबसल्या उत्पन्न" म्हणतो. मीही अशी शिबिरं घेतली आहेत. त्यात कच्च्या मालाचा भाव आम्ही शिकवला, विक्रीचा शिकवला. तासांचा रकाना कधी घातला नाही. ती शिवत असताना मूल कोण सांभाळणार, हेही विचारलं नाही. घरबसल्या म्हणजे घरचं सगळं उरकून, असंच आम्ही गृहीत धरलं होतं.

वही घेऊन मी नवऱ्याशी बोलले. मागणी साधी होती. मी जे वाचवते तेवढी रक्कम दर तीन महिन्यांनी माझ्या खात्यात, माझ्या एकटीच्या नावावर जमा व्हावी. शिवाय काम करणं किंवा न करणं माझ्या मर्जीवर. एखाद्या दिवाळीला कंदील विकतचा आला तर कुणी "यंदा केला नाहीस?" म्हणायचं नाही. तो आधी हसला, मग दुखावला. "आपल्यात असे वेगवेगळे पैसे कधीपासून?" मी म्हटलं, "गाडी घेतली तेव्हापासून." हे बोलणं दोन दिवस चाललं, ते काही फार शोभेचं नव्हतं. मी समुपदेशक आहे याचा घरी काडीचा उपयोग झाला नाही.

मध्ये सासूबाई बोलल्या. त्या निफाडकडच्या. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, तेव्हा गावातल्या बायकांबरोबर ट्रकमध्ये बसून त्या गेल्या होत्या. माझा नवरा तेव्हा कडेवर, गोधडीत गुंडाळलेला. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मांडली, बायकांच्या नावावर जमिनी करा म्हणून. काही गावांत झाल्या. आमच्या सासऱ्यांनी "करू, करू" म्हटलं. २०१२ मध्ये ते गेले तोवर सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव चढलं नव्हतं. वारस म्हणून लागलं ते त्यानंतर. हे सगळं त्यांनी मुलाला शांतपणे सांगितलं आणि म्हणाल्या, "माझं विधवा झाल्यावर लागलं. तिचं तू असताना लागू दे."

मार्चअखेर पहिली रक्कम जमा झाली, १,८४० रुपये. जूनपासून मुलगी बालवाडीत जाईल आणि मी अर्धा दिवस केंद्रात जाईन. संस्थेशी पगाराचं बोलणं चालू आहे, आणि या वेळी पाळणाघराचा खर्च मी माझ्या ओळीत मांडणार नाही.

वही मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवते. परवा सासूबाईंनी चष्मा लावून ती सगळी वाचली. गव्हाचा चीक शिजवण्यापासून पत्र्यावर कुरडया घालण्यापर्यंत गच्चीवरचं काम गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच केलं होतं आणि मी ते माझ्या नावावर मांडलं होतं. त्यांनी पानावर बोट ठेवून विचारलं, "ह्या कुरडया कुणाच्या गं?" मी ती ओळ खोडली. आता वहीत दोन खाती आहेत.