चोर सोडून संन्याशाला

कीटो आहार करणाऱ्या माणसाने डाएट कोलाचा कॅन उघडला की आजूबाजूचे सल्लागार सरसावून बसतात. इन्शुलिन वाढतं, कॅन्सर होतो, आठवडाभराची मेहनत एका घोटात पाण्यात जाते, असं बरंच काही ऐकवलं जातं. हाच माणूस दिवाळीत ‘शुगर फ्री’ अशी पाटी असलेल्या ताटातून काजूकतलीच्या चार वड्या उचलतो, तेव्हा मात्र त्याच्या निग्रहाचं कौतुक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हा संन्यासी फार सात्त्विक आहे असं नाही, पण ज्या गुन्ह्यासाठी त्याला धरलंय तो त्याने केलेला नाही.

कीटो आहार वजन उतरवण्यासाठी जन्माला आलेलाच नव्हता. उपाशी ठेवलं की अपस्माराच्या रुग्णांना फिट कमी येतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण माणसाला उपाशी ठेवणार किती दिवस? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं, की भरपूर स्निग्ध पदार्थ आणि नाममात्र कर्बोदकं दिली तर जेवूनखाऊनही शरीर उपवासात असल्यासारखं वागेल, चरबी जाळून कीटोन तयार करेल. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मुलांना आजही हा आहार देतात. तिथला हिशेब इतका कडक असतो की औषधाच्या सिरपमधली साखरही धरतात आणि टूथपेस्टमधली गोडीसुद्धा तपासतात. वजनासाठी कीटो करणाऱ्यांची शिस्त त्या मानाने सैल. दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, बस्स. दोन चपात्या खाल्ल्या की यातला मोठा वाटा संपतो.

आता कोलाचं गणित मांडावं. साध्या कोलाच्या ३०० मिलीत तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे एका कॅनमध्येच दिवसाचा कोटा खलास. डाएट कोलात ती शून्य. गोडीसाठी त्यात घातलेलं ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्यामुळे ते मिलिग्रॅममध्येच पुरतं. पोटात गेल्यावर त्याचे दोन अमिनो आम्लं आणि किंचित मिथेनॉल असे तुकडे होतात. मिथेनॉल हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांनी टोमॅटोचा रस प्यायचं आधी थांबवावं, कारण त्यात ते जास्त असतं. नुसत्या ॲस्पार्टेमने रक्तातली साखर किंवा इन्शुलिन लक्षणीय वाढतं, असं बहुतेक प्रयोगांत दिसलेलं नाही. कीटोसिस, म्हणजे कीटोन बनण्याची ती अवस्था, मोडल्याचा आरोप इथेच गळून पडतो.

कॅन्सरचा आरोप आला तो जुलै २०२३ च्या मथळ्यांतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. किती प्यायलं तर किती धोका, ते सांगत नाही. त्याच दिवशी संघटनेच्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच कायम ठेवली. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला ९ ते १४ कॅन प्यायले तर मर्यादा ओलांडते. एवढं पिणाऱ्याचे इतरही प्रश्न असतील. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांसाठी मात्र ॲस्पार्टेम खरोखर वर्ज्य आहे. तशी सूचना कॅनवर छापलेली असते आणि ती सहसा कुणी वाचत नाही.

वजनाच्या बाबतीत प्रयोगांचं एकमत नाही. ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या वर्षभराच्या चाचणीत डाएट पेयं पिणाऱ्यांचं वजन सरासरी साडेसात किलोने उतरलं, पाणी पिणाऱ्यांचं सुमारे सहा किलोने. या चाचणीला पैसा अमेरिकेतल्या शीतपेय उत्पादकांच्या संघटनेने दिला होता, हेही इथे नोंदवलेलं बरं. इराणमधल्या स्त्रियांवरच्या एका छोट्या चाचणीत नेमकं उलट झालं, पाणी पुढे गेलं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नये असं सांगितलं, पण ती शिफारस सशर्त होती आणि मधुमेह असलेल्यांना लागू नव्हती.

त्यापेक्षा २०२० मधला येल विद्यापीठातला प्रयोग कीटोवाल्यांच्या जास्त कामाचा. तिथे निरोगी तरुणांना दोन आठवडे काही पेयं दिली. नुसता सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा घेणाऱ्यांना काही झालं नाही आणि नुसती साखर घेणाऱ्यांनाही नाही. सुक्रालोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन हे पिठूळ कर्बोदक एकत्र घेणाऱ्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मात्र बिघडला. प्रयोग लहान होता, त्यावर शेवटचा शब्द लिहिता येत नाही. तरी वडापावाबरोबर डाएट कोला मागवून मनाची समजूत घालणाऱ्याने तो वाचावा. कीटोवरच्या माणसाच्या ताटात पाव नसतोच.

संन्याशाचे खरे दोष वेगळे आहेत. डाएट कोला आम्लधर्मी असतो, दातांना बरा नाही. संध्याकाळी घेतला तर कॅफिन झोप पळवतं. कीटोच्या पहिल्या आठवड्यात इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं. तेव्हा थंडगार कॅनने क्षणभर तरतरी येते, पण गेलेलं मीठ भरून निघत नाही. मीठ घातलेलं पातळ ताक किंवा साखरेविना लिंबू-सोडा तिथे जास्त उपयोगी पडतो (रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारून). आपल्याकडे हे दोन्ही कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि कॅनपेक्षा स्वस्त पडतं.

या सगळ्या गदारोळात खरा धोका बोलायचा राहून जातो. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन जातीची गोळी घेणाऱ्याने मनानेच कीटो सुरू केला, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन अति वाढून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. साखर ठीक दिसते म्हणून तो लवकर लक्षात येत नाही आणि जिवावर बेततं. डाएट कोलाच्या थेंबाथेंबाची चौकशी करणारा माणूस ‘मी कीटो सुरू केलाय’ एवढं आपल्या डॉक्टरांना सांगत नाही.

आता चोराकडे. सुक्रालोजचा शोध १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लागला, आणि त्यात शशिकांत फडणीस नावाचा तरुण संशोधक होता. साखरेवर क्लोरीनची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ तपासून पाहायला सांगितला असताना त्यांनी इंग्रजी ‘टेस्ट’च्या गोंधळात तो चाखून पाहा असं ऐकलं आणि खरंच चाखला, अशी ती हकिगत सांगतात. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. इतका गोड पदार्थ पुडीत भरायचा तर कणभरच भरावा लागेल, मग पुडी जड करायला त्यात डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. चहाच्या एका कपात त्याने काही बिघडत नाही. शिऱ्यात डझनभर पुड्या फोडल्या की येलच्या त्या प्रयोगातली जोडी घरच्या कढईत तयार होते.

मिठाईचं तर विचारूच नका. माल्टिटोल साखरेच्या जवळपास नव्वद टक्के गोड असतो आणि साखरेसारखाच वागतो, म्हणून मिठाई-चॉकलेटवाल्यांचा लाडका. पण त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक (रक्तातली साखर किती वाढते त्याचं माप) साखरेच्या निम्म्याच्या आसपास आहे, शून्य नाही. त्याच्याच जातीचा एरिथ्रिटॉल जवळजवळ सगळा लघवीवाटे निघून जातो, त्याला कर्बोदकांतून वजा केलं तर चालतं. माल्टिटोलला त्याच न्यायाने वजा करणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. शिवाय जास्त खाल्लं की पोट गुरगुरतं ते वेगळंच. (एरिथ्रिटॉलची रक्तातली पातळी आणि हृदयविकार यांचा संबंध क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवला. तो कार्यकारण आहे का, हा वाद चालू आहे.) काजूत मुळातच १०० ग्रॅममागे २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं. त्या चार वड्यांत साखरेचा कण नसला तरी नुसत्या काजूचीच दहा ग्रॅमच्या आसपास होतात. खव्यात दुधातली साखर असते. आणि ‘साखर न घातलेला’ खजूर रोल? वाळलेल्या खजुराचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग साखरच असतो. पाटी खोटी नाही, फक्त अर्धी आहे.

बंद पाकिटावर निदान काही छापलेलं असतं. घटकांची यादी, एकूण साखर, वरून घातलेली साखर, कृत्रिम गोडवा असल्यास त्याचं नाव, पॉलिऑल (माल्टिटोलच्या जातीचा गोडवा) असल्यास पोट बिघडण्याचा इशारा. सुट्या मिठाईच्या ताटापुढे यातलं काहीच नसतं. ऑक्टोबर २०२० पासून एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुट्या मिठाईपुढे ती किती तारखेपर्यंत खावी हे लिहिणं सक्तीचं केलं, तेव्हा हे जमणार नाही अशी ओरड झाली होती. नियम तरी लागू झालाच. त्याच चिठ्ठीवर आणखी दोन ओळी मागाव्यात: गोडी कशाची, आणि १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं किती. पहिलीचं उत्तर हलवायाला माहीत असतं, कारण ते पोतं त्यानेच विकत घेतलेलं असतं. दुसरीसाठी एक साधा हिशेब लागेल. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) सुरुवात फक्त ‘शुगर फ्री’ची पाटी लावणाऱ्या दुकानांपासून केली तरी चालेल. ज्यांना ती कटकट नको, त्यांनी पाटी काढावी.