तुमचे तीस दिवस, आमच्या मुलांचे नव्वद

प्रति,
श्री. जोसेफ एडलो,
संचालक, यूएससीआयएस (अमेरिकेचं नागरिकत्व व स्थलांतर सेवा खातं)

महोदय,

आपल्या कार्यालयाला शनिवार-रविवारची सुट्टी असते. १९ जूनची असते, ४ जुलैची असते, आणि ४ जुलै शनिवारी आला तर आदल्या शुक्रवारची असते. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. सुट्ट्या नसतील तर ती सरकारी कचेरी कसली! तक्रार एवढीच आहे, की ओपीटीवरच्या, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवरच्या, मुलांचे बेकारीचे दिवस मोजायची वेळ आली की याच सगळ्या सुट्ट्या हिशेबात धरल्या जातात.

पत्र मराठीत आहे. इंग्रजीत पुष्कळ लिहून झालं. विद्यार्थ्यांनी लिहिलं, विद्यापीठांनी लिहिलं, वकिलांनी लिहिलं, नियमांवर हरकती मागवल्या तेव्हा हजारो लोकांनी लिहिलं. त्याने काही हललं नाही, तेव्हा याने हलेल अशी आशा नाहीच. निदान सांगली-सोलापूरच्या आईबापांना तरी कळेल, की 'कार्ड आलं का रे?' विचारलं की पोरगं फोनवर एवढं का चिडतं.

मी न्यू जर्सीत राहतो. वकील नाही. पण मराठी मंडळात ओळख झालेली, मग त्यांच्या ओळखीची, अशी मुलं दर वसंतात आय-७६५ चा, म्हणजे कामाच्या परवान्याच्या कार्डाचा, अर्ज घेऊन आमच्या डायनिंग टेबलवर बसतात. पाठवण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने नजर टाकावी, इतकीच त्यांची अपेक्षा. त्या टेबलवर वर्षानुवर्षं एकच प्रश्न येतो: "काका, हे दिवस नेमके कसे मोजायचे?" उत्तर सोपं आहे. तुमचे दिवस एका पद्धतीने मोजायचे, त्यांचे दुसऱ्या.

आपल्याला नियम पाठ आहेत, पण आकडे शेजारी शेजारी मांडून बघू. ओपीटीसाठी प्रीमियम प्रोसेसिंग मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. फी १,५०० डॉलर, आश्वासन ३० दिवसांत निर्णयाचं. ते ३० दिवस कॅलेंडरचे होते. २६ फेब्रुवारी २०२४ ला फी १,६८५ झाली. महागाई आहे, समजू शकतो. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ एप्रिल २०२४ ला, ते ३० दिवस 'कामकाजाचे' झाले. म्हणजे फी वाढवली आणि दिवसही वाढवले. त्याच १ एप्रिलला मूळ अर्जाची फी ४१० वरून ऑनलाइन ४७० आणि कागदी अर्जाला ५२० झाली. १ मार्च २०२६ पासून प्रीमियमचे १,७८०. दोन्ही मिळून ऑनलाइन २,२५० डॉलर, रुपयांत जवळपास दोन लाख. पैसे भरून दिवस लांबवून घेणारी गिऱ्हाइकं आपल्याला मिळाली, याबद्दल अभिनंदन.

'लांबवून' म्हणजे किती, तेही पाहू. एका मुलीची पदवी १५ मे २०२६ ला पूर्ण झाली, आणि तिने १ जूनला प्रीमियमचे पैसे भरून अर्ज दाखल केला, असं धरा. ३० दिवस कधी संपतात? मधले १२ शनिवार-रविवार वगळा, १९ जून वगळा, ३ जुलै वगळा. उत्तर येतं १५ जुलै. म्हणजे तुमच्या ३० दिवसांचे प्रत्यक्षात ४४ दिवस होतात. मध्येच तुम्ही एखादा जास्तीचा कागद मागितलात, तर तुमचं घड्याळ शून्यावर येतं आणि उत्तर मिळाल्यावर नव्याने ३० सुरू होतात. मुदत चुकली तर प्रीमियमची फी परत मिळते, हे मान्य. जॉइनिंगची तारीख कोण परत देणार?

आता त्याच मुलीचे दिवस मोजा. पहिल्या बारा महिन्यांच्या ओपीटीत बेकारीची मुभा एकूण ९० दिवसांची. शनिवार धरून, रविवार धरून, ख्रिसमस धरून. ते सलग नसले तरी साठत जातात: आधी ३० गेले, नोकरी लागली, सहा महिन्यांनी कंपनीने काढलं, की मोजणी ३१ पासून पुढे. शून्यावर येण्याची सोय तिच्या घड्याळाला नाही. आणि हे घड्याळ सुरू होतं कार्डावर छापलेल्या तारखेपासून. अर्ज मंजूर झाला पण कार्ड अजून टपालात आहे, कंपनीने टेबल-खुर्चीसुद्धा तयार ठेवली आहे, तरी कार्ड हातात आल्याशिवाय तिला कामाला हात लावता येत नाही. टपालात गेलेले ते आठवडा-दोन आठवडे मात्र बेकारीत जमा.

मागच्या वर्षी आमच्या टेबलवर कोल्हापूरचा एक मुलगा होता. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स. एका छोट्या सेवाभावी संस्थेत आठवड्याला २० तास एक्सेलचे तक्ते भरायचा, एक सेंटही न घेता. समाजसेवेची आवड म्हणून नव्हे. पहिल्या ओपीटीत स्वतःच्या विषयातलं २० तासांचं विनावेतन कामही नोकरी धरलं जातं, घड्याळ थांबतं, म्हणून. दुपारी तक्ते, रात्री अर्ज, आणि मधल्या वेळात नोकरीच्या नोंदीचं सरकारी पोर्टल उघडून संस्थेची नोंद नीट चढली आहे ना, हे पाहायचं; नोंद नाही तर दिवस चालूच. शिकलेल्या माणसाला फुकट राबवायची इतकी नीटनेटकी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ही मोजणी सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या प्रणालीत होते, सेव्हिस आयसीई या इमिग्रेशन-अंमलबजावणी खात्याचं, आमचा संबंध नाही, असं आपण म्हणाल. दोन्ही पाट्या होमलँड सिक्युरिटीच्याच इमारतीवर आहेत, महोदय. त्या शेजाऱ्यांचा मोजणीतला काटेकोरपणा मे २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिला. ज्यांची नोकरी ९० दिवस उलटूनही नोंदली गेली नव्हती त्यांना पत्रं गेली: १५ दिवसांत नोंद करा, नाहीतर रेकॉर्ड बंद. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी याच शेजाऱ्यांनी ४,७०० हून जास्त मुलांची सेव्हिस रेकॉर्ड्स बंद केली होती, आणि कोर्टांनी एकामागून एक स्थगिती दिल्यावर ती पुन्हा चालू करावी लागली. त्या मुलांचे गेलेले दिवस कोणत्या खात्यात जमा झाले?

'लवकर अर्ज करा, पदवीच्या ९० दिवस आधीपासून मुभा आहे' हा सल्ला आपल्या संकेतस्थळावर आहे, आणि आम्हीही मुलांना तोच देतो. पण थीसिसची तारीख गाइडच्या हातात असते. डीएसओने (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याने) शिफारस नोंदवली की ३० दिवसांत अर्ज पोचला पाहिजे, ३१व्या दिवशी पोचला की नामंजूर, फी बुडाली. आणि प्रीमियम न भरता साध्या रांगेत थांबलं तर तीन-चार महिने लागणं काही नवीन नाही. त्या रांगेची आणखी एक गंमत: पहिलं ओपीटी पदवीनंतर १४ महिन्यांच्या आत संपलंच पाहिजे. मंजुरी जितकी उशिरा, तितकी मागच्या टोकाने कात्री. उशीर तुमचा, महिने मुलांचे. प्रीमियम ऐच्छिक आहे असं आपण म्हणता, तेव्हा या कात्रीचा उल्लेख करायला बहुधा विसरता.

तिकडे भारतात बँकेचंही एक कॅलेंडर असतं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. कुठे फ्लॅट असतो, कुठे वडिलांच्या नावची जमीन. कोर्स संपल्यावर सहा महिने-वर्षभरात हप्ते सुरू. ते हप्ते रविवारी थांबत नाहीत.

आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत: २०२४-२५ मध्ये अमेरिकेत भारतीय विद्यार्थी ३,६३,०१९ होते. सगळ्या देशांची मिळून ओपीटीवर २,९४,२५३ मुलं होती. त्यांचे अर्ज हाताळणं हा काही तुमचा धर्मादाय उपक्रम नाही. आपलं कार्यालय जवळजवळ पूर्णपणे फीवर चालतं, म्हणजे त्यातला वाटा आमची मुलंही भरतात.

आणि आपली मतं आम्हाला ठाऊक आहेत. मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीसमोर आपण सांगितलंत, की शिक्षण संपल्यावर एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना कामाची परवानगी मिळूच नये अशी व्यवस्था आपल्याला हवी आहे. उघड बोललात, बरं झालं. पण ओपीटी आज कायदेशीर आहे; २०२२ मध्ये अपील कोर्टाने ते उचलून धरलं आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. बंद करायचं तर नियम बदला, कोर्टात उत्तर द्या. चालू ठेवून, फी घेऊन, दिवस मोजायच्या पद्धतीने मुलांना घरी पाठवायचं, याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

मागणं फार नाही. स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित शिकलेल्यांच्या, २४ महिन्यांच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला, तर निर्णय येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येतं. तीच सवलत पहिल्या ओपीटीला द्या. बेकारीचे दिवस कार्ड हातात पडल्यापासून मोजा. प्रीमियमचे ३० दिवस पुन्हा कॅलेंडरचे करा, नाहीतर मुलांचे ९० सुद्धा कामकाजाचे धरा, कोणतंही एक. आणि १४ महिने मंजुरीच्या तारखेपासून धरा. यातलं शेवटचं जमत नाही असं कृपया सांगू नका. २६ फेब्रुवारी २०२१ ला आपल्याच कार्यालयाने एका घोषणेने ते केलं होतं: १ ऑक्टोबर २०२० ते १ मे २०२१ दरम्यान आलेल्या ज्या अर्जांना तुमच्याकडच्या टपाल-केंद्रांच्या गोंधळाने उशीर झाला, त्यांच्यासाठी. त्यासाठी काँग्रेसकडे जावं लागलं नव्हतं.

आपला,
न्यू जर्सीतला एक मराठी रहिवासी