काडतूस आधी, रिव्हॉल्व्हर नंतर

धावत, वळत, आडोशामागून निशाण टिपत पोलादी ताटल्या पाडायच्या आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून क्रमांक ठरवायचा, असा ‘अ‍ॅक्शन शूटिंग’चा खेळ आहे. आपल्याकडे तो अजून रुजलेला नाही, पण परदेशातले सामने आज डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळी संपवून बसलेल्या तरुणालाही हातातल्या फोनवर दिसतात. ते पाहून ज्याला या खेळाची ओढ लागते, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे? प्रश्न नवा वाटतो, पण धरमतरच्या खाडीकाठी आणि एकूणच मराठी मुलखात तो किमान तीनशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. ज्या ज्या वेळी आपण नुसत्या हत्याराकडे पाहून त्याचे उत्तर दिले आणि दारूगोळा, दुरुस्ती व सराव यांचा हिशेब मागे ठेवला, त्या त्या वेळी ते उत्तर आपल्याला महागात पडले.

प्रश्नाचे योग्य उत्तर देणारा पहिला माणूस याच किनाऱ्यावर होऊन गेला. कान्होजी आंग्रे यांच्यासमोर इंग्रज आणि पोर्तुगीज यांची उंच, जड तोफांची जहाजे होती. त्यांच्यासारखीच जहाजे बांधण्याच्या ईर्षेला ते पेटले असते तर ते स्वाभाविकच म्हटले गेले असते. त्यांनी मात्र उथळ खाड्यांत शिरणाऱ्या, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणाऱ्या गुराबा आणि गलबते यांच्यावर भर दिला, आणि शत्रूच्या बाजूच्या तोफांच्या माऱ्यात न येता त्याच्या पिछाडीवर जाऊन मारा करण्याची पद्धत बसवली. १७१८ मध्ये खांदेरीवर चालून आलेले मुंबईकर इंग्रज हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले तेव्हाही तेच घडले. प्रतिस्पर्ध्याकडे काय आहे हे पाहण्याआधी आपले पाणी किती खोल आहे हे कान्होजींनी पाहिले होते. साधनाच्या निवडीचा इतका नेमका धडा आपल्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल.

त्याच काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. गडांच्या बंदोबस्ताविषयी लिहिताना दारूखाना वस्तीलगत नसावा, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहरबंद करून ठेवावी, इतक्या बारकाव्यात हा राजनीतीचा ग्रंथ उतरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात भिजलेली दारू म्हणजे नि:शस्त्र गड, हे ज्याने ओळखले त्याला तोफेच्या नळीइतकीच कोठाराची कोरडी भिंत महत्त्वाची वाटली. पुढच्या पिढ्यांनी तोफांची नावे लक्षात ठेवली, पण दारूला ऊन देण्याची शिस्त त्या विसरल्या.

हत्यारामागच्या व्यवस्थेच्या या विस्मरणाची किंमत शतक पालटताच दिसू लागली. महादजी शिंद्यांनी द बॉयन्या या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पायदळ उभे केले, आग्ऱ्यास तोफा आणि बंदुका घडवल्या, आणि त्या युरोपीय हत्यारांच्या तोडीच्या होत्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा याच तोफांनी मारला किंवा जायबंदी केला. पुढे वॉटर्लू जिंकलेला तो सेनापती असईची लढाई आयुष्यभर विसरला नाही. तरीही शिंद्यांचे सैन्य हरले. भाडोत्री युरोपीय अधिकाऱ्यांपैकी अनेक जण इंग्रजांच्या आमिषाने आधीच निघून गेले होते, हुकमाची साखळी तुटली होती, आणि हत्यार उत्तम असूनही ते चालवणारी व्यवस्था उसनी होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशवाईच्या अखेरच्या युद्धाला तोंड फुटले. त्याच खडकीत इंग्रजांनी १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना काढला. मुलूख ताब्यात ठेवायचा तर काडतूस आपल्या हातात हवे, हे जिंकणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

मधल्या काळात रिव्हॉल्व्हर अवतरले होते, आणि त्याच्या निवडीचा वादही त्याच्या जन्माइतकाच जुना आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात अमेरिकेच्या कोल्टचे आणि इंग्लंडच्या अ‍ॅडम्सचे रिव्हॉल्व्हर समोरासमोर आले. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे, पण नेम अचूक लागे. अ‍ॅडम्सचा नुसता चाप ओढला की बार उडे. नेम किंचित कमी, पण गोळी जाड. सहा वर्षांनी १८५७ च्या रणधुमाळीत हा वाद इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात प्रत्यक्ष लढून पाहिला, आणि कोल्टच्या हलक्या गोळ्या लागूनही समोरचा शिपाई थांबला नाही, अशा हकिकती पुढे फॉस्बरीसारख्या अधिकाऱ्यांनी सांगितल्या. अचूकता, वेग आणि गोळीचा जोर या तिघांचा ताळा कसा जमवायचा हा अ‍ॅक्शन शूटिंगचा गाभ्याचा प्रश्न त्या वेळीच मांडला गेला होता. या खेळाच्या स्पर्धकांनी पुढे आपल्या संघटनेसाठी ‘अचूकता, जोर, वेग’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य घेतले, त्यात हेच तीन शब्द आहेत.

१८५७ चा दुसरा परिणाम आपल्यासाठी अधिक खोल होता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारले, तेव्हा माणसे जमवण्याइतकीच हत्यारे जमवणे त्यांना जड गेले असावे, हे सहज समजण्याजोगे आहे. घराघरांतून तलवार आणि बंदूक गेली, तिच्याबरोबर ती साफ करणारा कारागीर गेला, आणि नेमबाजी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात व संस्थानिकांच्या शिकारखान्यात बंदिस्त झाली. कायद्याने हत्यार काढून घेतले, तर दोन पिढ्यांत त्याबद्दलचे ज्ञानही आपोआप आटते; आज दुकानदाराच्या शब्दावर रिव्हॉल्व्हर निवडणारे गिऱ्हाईक हे त्या आटलेल्या ज्ञानाचेच फलित आहे.

तिकडे इंग्लंडात मात्र अधिकाधिक गुंतागुंतीचे हत्यार घडवण्याचा मोह बळावत होता. फॉस्बरीने धक्क्याच्या जोरावर स्वतःच घोडा चढवणारे आणि चक्र फिरवणारे रिव्हॉल्व्हर कल्पिले, वेब्ली कंपनीने ते विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आणले, आणि बिझलीच्या नेमबाजी मैदानावर वॉल्टर विनान्ससारख्या नामांकित नेमबाजांच्या हाती ते चमकले. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतल्या चिखलाने त्याचे उघडे खाचे भरले तेव्हा त्याची मर्यादा कळली, आणि सैन्याने साधे वेब्लीच पसंत केले. या साध्या वेब्लीची खुबी निराळी होती: ते मधोमध मोडून उघडले की सहाही रिकामी टरफले एका झटक्यात बाहेर पडत, आणि ‘प्रिडो’ नावाच्या भरणीच्या साधनाने सहा नवी काडतुसे एकदम बसवता येत. त्याआधीच, १८९६ मध्ये, अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने चक्र बाजूला काढून भरण्याच्या नव्या रचनेसोबत ०.३२ लाँग नावाचे मवाळ, अचूक काडतूस आणले. वेब्लीची रचना आणि हे काडतूस दोन्ही पुढे भारताच्या वाट्याला आले, पण ज्या गुणांसाठी ती घडली होती ते गुण मात्र येताना वाटेतच हरवले.

स्वातंत्र्यानंतर नेमबाजीला नागरी खेळ म्हणून उभे करणाऱ्यांत अग्रभागी होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, आणि त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय सामन्याचा उंबरठा मानली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची चौकट नव्याने आखली. त्या चौकटीत ९ मिलिमीटर निषिद्ध बोअर ठरले आणि सामान्य परवानाधारकासाठी ०.३२ हेच मुख्य माप उरले. कानपूरच्या कारखान्यातून वेब्लीच्या वळणाचे, मधून मोडणारे ०.३२ रिव्हॉल्व्हर निघू लागले, २०१४ मध्ये त्याच कुळातले हलके ‘निर्भीक’ आले. बाजारात मिळणाऱ्या ०.३२ च्या काडतुसाच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरे असतात. याच मापाच्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर २५ मीटर सेंटर फायर प्रकार खेळला जातो, ज्यात मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. सुमा शिरूर यांनी पनवेलमध्ये उभारलेली ‘लक्ष्य’ संस्था आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत व तेजस्विनी सावंत यांची कारकीर्द पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते: महाराष्ट्राची नेमबाजी रेंज, प्रशिक्षक आणि रोजचा सराव यांच्या बळावर वाढली, हत्याराच्या नाममुद्रेच्या बळावर नव्हे.

आता अ‍ॅक्शन शूटिंगचा पेच पाहू. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात जन्मली. गोळीचे ग्रेनमधील वजन आणि सेकंदाला फुटांतील वेग यांच्या गुणाकाराला १००० ने भागून ती ‘पॉवर फॅक्टर’ काढते, आणि खालची पातळी १२५ ठेवते. आपल्या ०.३२ लाँगची ९८ ग्रेनची गोळी सातशे फुटांच्या आसपास जाते. हिशेब सत्तरच्या पुढे सरकत नाही, शिवाय मापही किमान मर्यादेखाली पडते. परदेशी स्पर्धकांच्या कमरेला दिसणारी आठ गोळ्यांची स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरे ९ मिलिमीटर किंवा ०.३५७ मॅग्नमची असतात, त्यातली काडतुसे पातळ पोलादी चकतीत अडकवून एकदम भरली जातात. ९ मिलिमीटर आपल्याकडे निषिद्ध, आणि ०.३५७ परवान्यात बसले तरी १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकाला आयात जवळजवळ बंद असल्याने ते जुने, दुर्मीळ आणि महाग. त्याचे काडतूस त्याहून दुर्मीळ. असे रिव्हॉल्व्हर मिळवणारा हौशी माणूस शिंद्यांच्या तोफखान्याची छोटी आवृत्ती काढतो: हत्यार उत्तम, पण ते चालते ठेवणारे सारे काही उसने. ज्या काडतुसाची एकेक गोळी जपून ठेवावी लागते त्याच्यावर वेगाने नेम साधण्याची सवय लागत नाही, आणि ही सवय हजारो बारांखेरीज येत नाही.

म्हणून डोलवी, पेण, रोहा या भागातल्या इच्छुकाने निवडीचा क्रम उलटा करावा. आधी काडतूस: आपल्या मुलखात घडणारे आणि मिळणारे ०.३२. मग ठेवण: मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची टरफले एका झटक्यात टाकण्याची विसरलेली खुबी वेळेच्या सामन्यात पुन्हा उपयोगी पडू शकते, आणि तिचा सांधा जबर काडतुसापुढे दुबळा असला तरी ०.३२ च्या मवाळ दाबाला पुरेसा आहे. मग नळी: निर्भीकसारखी आखूड नळी जवळ बाळगायला सोयीची, पण मागच्या-पुढच्या निशाण्यांतले अंतर कमी झाले की नेमातली चूक वाढते, तेव्हा मिळेल तितकी लांब नळी घ्यावी. मग चाप: घोडा न चढवता ओढल्यावर तो अडखळत न येता एकसारखा येतो का हे रिकाम्या चक्रावर, दुकानदाराच्या परवानगीने, पुन्हा पुन्हा पाहावे. शेवटी धातू: खाडीच्या खाऱ्या हवेत साध्या पोलादाला गंज चढायला एक पावसाळा पुरतो, म्हणून दर सरावानंतर पुसणे, तेल देणे आणि काडतुसे कोरड्या डब्यात ठेवणे हा निवडीचाच भाग मानावा, आज्ञापत्राने तीनशे वर्षांपूर्वी याहून वेगळे काही सांगितले नव्हते.

कायद्याची दिशाही समजून घ्यावी. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवान्यावरची हत्यारे तीनवरून दोनवर आली, तर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या नेमबाजांसाठी ही मर्यादा १२ पर्यंत सैल केली गेली. सरकारचा कल यातून उघड दिसतो: घरात पडून राहणाऱ्या हत्याराबद्दल संशय, मैदानावर सिद्ध झालेल्या हाताबद्दल औदार्य. १८७८ च्या अविश्वासापेक्षा हे निश्चितच बरे, पण या औदार्याचा लाभ घ्यायचा तर आधी जिल्हा व राज्य संघटनेच्या रेंजवर नाव नोंदवून गुण मिळवावे लागतील.

खरा उपाय मात्र व्यक्तीच्या हाती नाही. महाराष्ट्र रायफल असोसिएशन आणि जिल्हा संघटनांनी ०.३२ रिव्हॉल्व्हरसाठी स्वतंत्र अ‍ॅक्शन गट काढावा: पॉवर फॅक्टरची अट नको, सहा गोळ्यांनंतर पुन्हा भरणे सक्तीचे, गुण भागिले वेळ हा हिशेब, आणि सुरक्षेचे नियम आंतरराष्ट्रीय संघटनेइतकेच कडक. परदेशी स्पर्धेच्या मापात आपण बसत नाही म्हणून खंत करत बसण्यापेक्षा आपल्या खाडीच्या खोलीला साजेसे गलबत बांधणे हा या किनाऱ्याचा जुना आणि यशस्वी शिरस्ता आहे. तोवर प्रत्येक इच्छुकासाठी नियम एकच: वर्षभर पुरतील इतकी काडतुसे, बिघाड झाल्यास दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर आणि नियमित जाता येईल अशी रेंज, या तिन्हींची खात्री ज्याला नाही त्याने अजून रिव्हॉल्व्हर घेऊ नये.