‘लक्ष नसते’ हा शेरा लिहिण्याआधी

चौथीला माझ्याकडे एक मुलगा होता. ‘पान बेचाळीस काढा, तिसरं गणित सोडवा आणि उत्तराला चौकट करा,’ म्हटलं की तो पान काढायचा आणि शेजारच्याच्या वहीत बघायचा. कॉपी करतो म्हणून मी त्याला दोनदा उभं केलं. श्रुतलेखनात ‘पाठ’चं ‘पाट’, ‘खडा’चं ‘कडा’. फळ्यावरचं मात्र बिनचूक उतरवायचा. पालकांनी कान तपासून आणले. रिपोर्ट नॉर्मल. मग काय, मुलगा आळशी आहे अशी आमची खात्रीच झाली!

पुढे एका प्रशिक्षणात ऑडिओलॉजिस्ट मॅडम बोलल्या, तेव्हा मी चपापलो. साध्या कानतपासणीत मुख्यतः शांत खोलीत बारीक आवाज ऐकू येतो का, ते बघतात. पण ऐकलेल्याचा अर्थ लावतो मेंदू. त्याला गोंगाटातून शब्द वेगळे काढणं जड जात असेल, तर कान चांगले असूनही मूल चाचपडतं. हा श्रवण प्रक्रिया विकार. त्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. एकाच वेळी दोन कानांत वेगवेगळे आकडे ऐकवायचे, गोंगाटात शब्द ओळखायला लावायचे. मूल साधारण सात वर्षांचं झाल्यावर त्या करतात. अवधानाची अडचण असलेली मुलंही वर्गात अशीच दिसतात, म्हणून शिक्षकांनी स्वतः निदान करू नये. पालकांना ‘कान नव्हे, श्रवण प्रक्रिया तपासून घ्या’ एवढं नेमकं सांगावं.

आता अडचणीचा मुद्दा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत हा स्वतंत्र नावाने नाही. ‘आधी प्रमाणपत्र आणा’ म्हटलं की पालक हेलपाटे घालत बसतात. माझं स्पष्ट मत आहे, वर्गातली मदत कागदासाठी अडवू नये. शिक्षकाच्या गळ्यातल्या माईकवरून थेट मुलाच्या कानात आवाज देणारं यंत्र असतं, पण ते महाग. खडू तर आपल्याकडे आहे ना? सूचना एकेक द्या, फळ्यावर लिहा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. मुलाला पुढे, खिडकी आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून लांब बसवा. (आमच्या शाळेवर पत्रे आहेत. पावसात माझं मलाच ऐकू येत नाही, तिथे त्या पोराचं काय होत असेल!)

त्याला हाच त्रास होता का, मला माहीत नाही. मला हे कळेपर्यंत वडिलांच्या बदलीमुळे तो गाव सोडून गेला होता. प्रगतिपुस्तकात माझ्या अक्षरातलं ‘लक्ष नसते’ तेवढं सोबत गेलं.