प्रदेश हवा, माणसे नकोत

अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर, म्हणजे ड्युरँड रेषेवर, पाकिस्तानने 2017 पासून काटेरी कुंपण घातले. त्याचे बहुतेक काम उरकले, तरी ऑक्टोबर 2025 मध्ये पाकिस्तान आणि तालिबान यांच्या फौजा याच रेषेवर भिडल्या. शस्त्रसंधीसाठी त्यांना दोहा गाठावे लागले. तालिबान्यांनी आपल्या पाकिस्तानी भाईबंदांना आसरा दिला, ही इस्लामाबादची तक्रार खोटी नाही. पण दुखणे तालिबानपेक्षा बरेच जुने आहे.

12 नोव्हेंबर 1893 रोजी ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात या रेषेचा करार झाला. अमिराचा तनखा वर्षाला 12 लाखांवरून 18 लाख रुपयांवर गेला आणि पश्तुनांचा मुलूख दुभंगला. टोळ्यांना कोणी विचारलेच नव्हते. चार वर्षांत मलाकंडपासून तिराहपर्यंत डोंगर पेटले. त्याच उठावात सारागढीला लढलेल्या 21 शीख शिपायांचे शौर्य आपल्याकडे रुपेरी पडद्यावरही गाजले. समोरचे आफ्रिदी आणि ओरकझई का उठले होते, याची चौकशी सहसा होत नाही. (मराठ्यांचे घोडेही 1758 मध्ये अटकेपार गेले होते. पुढच्याच वर्षी अब्दालीने तो मुलूख परत घेतला. तिथे ठाणे बसवणे सोपे, राज्य करणे अवघड.)

इंग्रजांनी राज्य करण्याचा प्रयत्नच केला नाही. त्यांना रशिया आणि हिंदुस्थान यांच्या मधला पट्टा ताब्यात हवा होता, तिथली रयत नको होती. 1901 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वायव्य सरहद्द प्रांत वेगळा काढला आणि त्याच वर्षी सरहद्द गुन्हे कायदा आला. गुन्हा एकाचा, दंड साऱ्या टोळीला. घरे पाडायची, वाटा रोखायच्या. वकील नाही, अपील नाही.

1947 मध्ये झेंडा बदलला, कायदा तोच राहिला. जिनांच्या पाकिस्तानने आपल्याच नागरिकांना व्हाइसरॉयच्या कायद्याखाली आणखी सत्तर वर्षे ठेवले. टोळ्यांच्या भागात प्रौढ मताधिकार आला तोच 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर अफगाण जिहादसाठी हाच मुलूख वापरून झाला होता. पुढे ड्रोन आले, लष्करी मोहिमा आल्या, 2014 मध्ये उत्तर वझिरिस्तानातून लाखो माणसे घरदार सोडून निघाली.

2018 मध्ये 25 व्या घटनादुरुस्तीने टोळ्यांचा हा भाग खैबर पख्तुनख्वात विलीन झाला. तेव्हा विभाज्य महसुलातील तीन टक्के वाटा देण्याचे आश्वासन होते. ते पाळले गेलेले नाही. काबूलला जाब विचारण्याआधी इस्लामाबादने ही घरची थकबाकी चुकती करावी.