ओतारी हाही विज्ञानशिक्षकच!

१९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार प्राचीन ओतीव शिल्पे सापडली. धातू ओतण्याची विद्या आजही ओतारी चालवतात. मेणाच्या नमुन्यावर मातीचा लेप देऊन तो तापवतात. मेण वितळून बाहेर जाते व त्या पोकळीत पितळ ओततात.

पितळ किती घ्यावे? मेणाच्या सुमारे नऊपट वजनाचे. कारण पितळेची घनता मेणाच्या सुमारे नऊपट असते! आपण घनता पाठ करतो, ओतारी ती तराजूवर वापरतो. त्याला नुसता अंगमेहनतीचा कारागीर समजणे मला पटत नाही. निलंग्यासारख्या गावातील शाळांनी ओतारी, सोनार यांना विज्ञानाच्या तासाला सन्मानाने बोलवावे. तुम्ही मात्र त्यांना ‘असे का?’ हे जरूर विचारा.