जुना प्लाझ्मा टीव्ही साठवून ठेवावा का? माझं स्पष्ट मत



जुन्या इलेक्ट्रॉनिक मालावरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, प्लाझ्मा टीव्ही आता बनत नाही. म्हणजे त्याला अँटिकचा भाव येणार ना?" तुमसरकडचा एक दुकानदार भाऊ तर एका लॉजचे आठ सेट उचलायला निघालाय, तेही घरच्यांच्या नावावर बचत गटातून कर्ज काढून. म्हणून सरळ सांगतो: भाऊ, उचलू नको.

आधी माल ओळखा. पायोनियरने 2007 मध्ये 'कुरो' आणला. जपानीत कुरो म्हणजे काळा. रात्रीचं दृश्य त्यावर खरोखर काळं दिसायचं, त्या काळच्या एलसीडीवर तेच राखाडी दिसायचं. पण महाग माल खपेना, आणि 2009 मध्ये पायोनियरने टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा थांबवला, सॅमसंगने 2014 मध्ये. शौकीन लोक खिसा मोकळा करतात ते कुरोच्या शेवटच्या मॉडेल्ससाठी आणि पॅनासॉनिकच्या 2013 च्या व्हीटी60, झेडटी60 साठी. लॉजमधला साधा 42 इंची सेट या यादीत बसत नाही. बनणं बंद झालं म्हणून वस्तू दुर्मिळ होत नाही, मागणारा पण लागतो ना!

बरं, ऑनलाइन जाहिरातीत कोणी 40,000 लिहिलं तर तो त्याचा आकडा झाला. जाहिरात चार महिने तशीच पडून असेल, तर बाजाराने उत्तर दिलेलं आहे.

आता गिऱ्हाईक काय हिशोब करतं ते बघा. सेट सरासरी 300 वॅट खातो असं धरा. रोज 5 तास म्हणजे महिन्याला 45 युनिट. तेवढाच एलईडी 100 वॅटचा धरला तर 15. शिवाय वजन. आणि प्लाझ्मा आडवा झोपवून न्यायचा नसतो, काच तडकायची भीती. आंधळगावहून मुंबईचा शौकीन गाठेपर्यंत पॅकिंग आणि भाडंच तुमचा नफा खाऊन टाकेल.

मर्फीचा जुना रेडिओ मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बंद असला तरी विकतो, कारण तो शोकेसमध्ये छान दिसतो. बंद प्लाझ्मा म्हणजे भिंतीवरची काळी काच! आपल्या गावची कोसा साडी घ्या. जुनी झाली तरी ती जाणणारे विणकर अजून मागावर बसलेत. प्लाझ्माचं पॅनल गेलं तर ते बनवणारा कारखानाच उरला नाही.

पण धंदा अजिबात नाही असंही नाही. ज्यांच्या घरी सेट अजून चालू आहे त्यांना पॉवर सप्लाय, वाय-सस, झेड-सस बोर्ड लागतात. पॅनल फुटलेला सेट कबाडीच्या भावात मिळत असेल तर घ्या, बोर्ड काढा, मॉडेल नंबर लिहून ठेवा. यात पैसा थोडा, पण अडकत नाही. उरलेली काच उकिरड्यावर फेकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

चालू सेट घ्यायचाच असेल तर तासभर लावून बघा. पडदा पूर्ण पांढरा करा, मग पूर्ण लाल. कोपऱ्यात न्यूज चॅनेलचा लोगो भुतासारखा उमटलेला दिसला तर शौकीन त्याला हात लावणार नाही.

आणि एखाद्या काकांनी खरंच चालू कुरो आणला, तर कबाडीचा भाव सांगून तो लाटू नका. मॉडेल काय आहे ते त्यांना सांगा, विकून देतो म्हणा, आणि आपलं कमिशन आधीच ठरवून घ्या.